परसदाराचें कुलूप

घराच्या पुढच्या दाराला कुलूप घ्यावयाचें झालें म्हणजे आपण चार दुकानें हिंडतों, किल्ली दहा वेळां फिरवून पाहतों आणि दुकानदाराशीं किंमतीसाठीं वादही घालतों. परंतु परसांतील लांकडी फाटकाची पाळी आली कीं फडताळांत कोठें तरी पडलेलें जुनें कुलूप शोधून काढतों आणि तें अडकवून मोकळे होतों. वास्तविक पुढचें दार रस्त्यावर असतें; तेथें दिवा असतो, माणसांची वर्दळ असते, समोरच्या घरांतील आजीबाईंची नजर असते. परसदारीं ह्यांपैकीं कांहींच नसतें. तेथें केळीचा आडोसा असतो, काळोख असतो आणि निवांतपणा असतो. आपल्याला कोणी पाहूं नये असें ज्याला वाटतें, त्याला ह्याहून अधिक काय पाहिजे? म्हणून लांकडी फाटकास कुलूप कसें निवडावें, ह्या साध्या विषयावर आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

हा विषय मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. तो घरांतूनच उपजला. मी मुरगूडचा राहणारा. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यांत, वेदगंगेच्या कांठीं वसलेलें हें गांव. आमच्या घराचें तोंड अरुंद गल्लीकडे आहे. घर मात्र खोल. सोपा, माजघर, स्वयंपाकघर ओलांडलें म्हणजे मागें परस लागतें, आणि परसाच्या टोंकाला लांकडी फाटक. फाटकापलीकडे रुंद रस्ता आहे. गाडी यावयाची ती त्याच बाजूला. पुढच्या गल्लींत ती शिरतच नाहीं.

सहा वर्षांपूर्वीं परसांतून एकदां पाण्याचा पंप नाहींसा झाला. त्या रागाच्या भरांत मीं बाजारांत जाऊन एक भलें मोठें पितळी कुलूप आणलें. हातांत घेतलें तर वजनानेंच धीर यावा असें! फाटकाला जुनाच कडी-कोयंडा होता, त्याला तें आंतल्या बाजूनें अडकवलें, किल्ली स्वयंपाकघरांतील खिळ्याला टांगली, आणि आतां आपलें परस सुरक्षित झालें अशा समजुतीनें आम्ही सारे निर्धास्त झोपूं लागलों.

पुढें एका आषाढांत, पाऊस आठ दिवस लागून राहिला असतां, मध्यरात्रीं आमच्या वृद्ध आत्याबाईंना दम्याचा जोराचा झटका आला. १०८ क्रमांकावर कळविलें. रुग्णवाहिका मागच्या रस्त्यावर येऊन उभी राहिली. फाटक उघडावयाला धांवलों तों खिळ्यावर किल्ली नाहीं. घरांतील सर्वांनीं डबे, कोनाडे, अंथरुणें धुंडाळलीं. शेवटीं ती माझ्याच ओल्या सदऱ्याच्या खिशांत निघाली; संध्याकाळीं मींच ती तेथें विसरलों होतों. किल्ली सांपडली तर कुलूप फिरेना. पावसाळ्यानें त्याच्या पोटांत गंज चढविला होता. बाहेर दिव्याचा लाल-निळा उजेड फिरत होता, आंत आत्याबाईंचा श्वास घरघरत होता, आणि आम्ही आमच्याच फाटकाशीं झुंजत होतों.

इतक्यांत शेजारचे सुतारमामा गडग्यावरून उडी टाकून आले. त्यांच्या हातीं पहार होती. त्यांनीं ती कोयंड्याच्या पट्टींत घातली आणि एक हिसका दिला. फाटक उघडलें. मनांत मोजावयाला गेलों असतों तर दहा अंकही मोजून झाले नसते. आत्याबाई वेळेवर इस्पितळांत पोंचल्या आणि आठ दिवसांनीं घरीं परतल्या, ही ईश्वराची कृपा. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी तें कुलूप हातांत घेऊन परसांत उभा होतों. कुलूप अखंड होतें. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. कोयंडा मात्र चार इवल्याशा स्क्रूंसकट फळींतून उपटून त्याच कुलुपाला लोंबत होता.

मामा म्हणाले, “मास्तर, कुलूप काय बघतायसा? त्याला कायबी झालेलं न्हाई. हार खाल्ली ती फळीनं. कुलूप बघून काय उपयोग? कोयंडा बघायचा असतोय.”

श्रोतेहो, ह्या एका रात्रीनें मला दोन धडे दिले. पहिला असा कीं, सहा वर्षें ज्याच्या भरंवशावर आम्ही झोपलों, तें कुलूप चोराला दहा अंक मोजेपर्यंतही अडवूं शकलें नसतें. आणि दुसरा त्याहून कडू असा कीं, जें चोराला अडवूं शकलें नसतें, त्यानेंच घरच्या माणसांना पाव तास अडवून धरलें. फाटकाच्या कुलुपाची परीक्षा ह्या दोन्ही अंगांनीं करावी लागते. बाहेरच्याला तें कठीण असलें पाहिजे आणि आंतल्याला सोपें असलें पाहिजे. बाजारांत आपण बहुधा पहिल्या अंगाचाच विचार करतों, आणि तोही अर्धवट.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. सह्याद्रीवरील कोणत्याही किल्ल्याच्या मोठ्या दरवाजामागें उभें राहून पाहा. दोन्ही बाजूंच्या भिंतींत चौकोनी भोंकें दिसतील. त्यांत लांकडी अडसर सरकवीत असत. जुन्या वाड्यांतूनही तशीच आगळ असे. हा शब्द संस्कृतांतील ‘अर्गला’ ह्या शब्दापासून आला. आगळ बाहेरून कोणाच्या हातीं लागत नसे, तिचा जोर लहानशा स्क्रूवर नव्हे तर साऱ्या भिंतीवर पडे, आणि आंतल्या माणसाला ती किल्लीवांचून एका हातानें ओढतां येई. कुलूप हा शब्द आपल्याकडे मागाहून आला. अरबींतील ‘कुफ्ल’ हा शब्द फारसीच्या वाटेनें येतां येतां उलटापालट होऊन ‘कुलूप’ झाला. ह्या दोन शब्दांतच दोन कामें वेगळीं झालेलीं आहेत. आपण घरांत असतांना उपयोगी पडते ती आगळ. घर रिकामें ठेवून जातांना उपयोगी पडतें तें कुलूप. आमची चूक झाली ती हीच: आगळीचें काम आम्हीं कुलुपाकडे सोंपविलें.

कुलुपाचा इतिहासही बोधप्रद आहे. प्राचीन इजिप्तमध्यें लांकडाचीं कुलुपें होतीं. त्यांतील लहान लहान खुंट्या वरून खालीं पडून कडीला अडकवीत, आणि दांत्यांच्या लांकडी किल्लीनें त्या उचलल्या म्हणजे दार उघडे. १७७८ सालीं रॉबर्ट बॅरन ह्या इंग्रज कारागिरानें दुहेरी लिव्हरचें कुलूप काढलें. त्यांत लिव्हर अमुक उंचीपर्यंतच उचलावा लागे, कमी नव्हे आणि जास्तही नव्हे. १७८४ मध्यें जोसेफ ब्रामा ह्यानें आपलें कुलूप काढलें, आणि तें उघडणारास दोनशें गिन्यांचें बक्षीस देऊं अशी पाटी त्याच्या लंडनमधील दुकानांत अनेक वर्षें झळकत होती. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स हा अमेरिकन कारागीर तेथें गेला. त्यानें प्रथम चब कंपनीचें नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आंत उघडून दाखविलें. मग ब्रामाच्या कुलुपाशीं तो सोळा दिवसांत मिळून सुमारें एक्कावन्न तास झगडला आणि तेंही त्यानें उघडलें. पुढें लायनस येल ह्या अमेरिकनानें इजिप्तच्या त्या खुंट्यांचीच कल्पना धातूच्या नळींत बसविली. आज घरोघर दिसणाऱ्या चपट्या, कातरलेल्या किल्लीचा उगम तो.

आपल्याकडे मुंबईस अर्देशीर गोदरेज ह्या पारशी गृहस्थांनीं वकिलीचा व्यवसाय सोडून १८९७ सालीं लालबाग येथें कुलुपांचा कारखाना काढला. तिकडे उत्तरेंत अलीगड आणि दक्षिणेंत दिंडिगल हीं गांवें कुलुपांसाठीं नांवाजलीं. दिंडिगलच्या कुलुपाला २०१९ मध्यें भौगोलिक ओळखीचें मानचिन्हही मिळालें.

ह्या इतिहासाचें तात्पर्य इतकेंच कीं, उघडतां येणार नाहीं असें कुलूप नाहीं. कुलूप चोरी थांबवीत नाहीं. तें चोराचा वेळ खातें आणि त्याला आवाज करावयास लावतें. परसदाराच्या चोराजवळ हॉब्सचे सोळा दिवस नसतात. कुत्रें भुंकेपर्यंतचीं दोन-चार मिनिटें असतात. तेवढीं मिनिटें त्याच्या हातून काढून घेतलीं म्हणजे आपलें काम झालें. तसेंच हेंही ध्यानांत ठेवावें कीं, हॉब्ससारखी विद्या साध्या चोराजवळ नसते. तो कुलूप उघडीत बसत नाहीं. तो तें उपटतो, तोडतो किंवा त्याला वळसा घालून जातो. म्हणून आपण ह्या तीन गोष्टींचा बंदोबस्त क्रमानें पाहूं.

प्रथम उपटण्याचा. फाटकाची फळी इंचभर जाडीची असली तर तींत शिरणारा स्क्रू त्याहून लहानच असणार. पहारेचा एक हिसका त्याला पुरतो. फळी जुनी होऊन भुसभुशीत झाली असेल तर हाताचा हिसकाही पुरेल. त्यांतून स्क्रू जर फळीच्या टोंकाकडून, म्हणजे लांकडाच्या धाग्यांच्या दिशेनें, आंत गेला असेल तर त्याची पकड अधिकच दुबळी. ह्यावर उपाय स्वस्त आहे. कोयंडा स्क्रूनें न बसवितां आरपार नटबोल्टनें बसवावा. बोल्ट आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा असावा. त्याचें गुळगुळीत गोल डोकें बाहेरच्या बाजूला आणि नट आंतल्या बाजूला यावा. आंत नटाखालीं केवळ वायसर न घालतां हातभर लांब लोखंडी पट्टी घालावी, म्हणजे ओढ एका भोंकावर न येतां साऱ्या फळीवर पसरते. नट घट्ट केल्यावर बोल्टचें पुढें आलेलें टोंक हातोडीनें ठोकून चेपून टाकावें. मग नट पान्यानेंही सुटत नाहीं. कोयंड्याची पट्टी अशी निवडावी कीं, बंद केल्यावर ती आपल्याच बोल्टांचीं डोकीं झांकून टाकील. हीच काळजी खांबाकडील बाजूसही घ्यावी. तेथें नुसता वांकविलेल्या खिळ्यासारखा कोयंडा ठोकलेला असेल तर बाकीचा सारा खटाटोप फुकट होय.

आतां तोडण्याचा विचार. कुलुपाचें पोट जाड असतें. तोडली जाते ती त्याची कडी. म्हणून कुलूप घेतांना वजन न पाहतां कडी पाहावी. फाटकासाठीं ती निदान आठ, शक्य तर दहा मिलिमीटर जाड, आणि कडक पाणी दिलेल्या पोलादाची असावी. पाणी दिलेल्या पोलादावर कानशीचा दांत लागत नाहीं, ती नुसती घसरते. मऊ लोखंडावर मात्र ती लगेच खांच पाडते. विश्वासू दुकानदार असली कडी ओळखून देईल, आणि चांगल्या कुलुपावर तसें कोरलेलेंही असतें. दुसरें असें कीं, कडी उंच नसावी. कुलूप लावल्यावर कडी आणि कोयंडा ह्यांमध्यें जितकी मोकळी जागा, तितकी पहारेला सोय. कुलूप कोयंड्याला चिकटून बसलें म्हणजे पहारेचें टोंक शिरावयास जागाच राहत नाहीं. आमच्या त्या वजनदार कुलुपाची कडी इतकी उंच होती कीं, तींतून माझ्या तीनही नातवंडांचे हात एकदम गेले असते!

किल्लीविषयीं थोडें गणित सांगतों. सहा लिव्हरच्या कुलुपांत प्रत्येक लिव्हरच्या पांच उंची धरल्या तर कागदावर १५,६२५ निरनिराळ्या किल्ल्या होतात. प्रत्यक्षांत त्यांतील पुष्कळ जुळण्या निरुपयोगी असल्यामुळें ही संख्या बरीच कमी होते. तरी दोन लिव्हरच्या कुलुपाच्या २५ जुळण्यांपेक्षां ती कितीतरी अधिक राहते. आठवड्याच्या बाजारांतील अगदीं स्वस्त कुलुपांत एकाची किल्ली दुसऱ्याला लागते, ती ह्यामुळेंच. अंकांच्या चकत्यांचें कुलूप कित्येकांना आवडतें, कारण त्याला किल्ली नको. परंतु तीन चकत्यांचें कुलूप असेल तर त्याचे अंक एकंदर १०००. एकेका अंकाला दोन सेकंद धरले तरी तेहेतीस-चौतीस मिनिटांत सारे अंक फिरवून होतात. चार चकत्या असल्या तर त्यालाच साडेपांच तास लागतील. असें कुलूप घ्यावयाचेंच तर चार चकत्यांचें घ्यावें; आणि त्यावर घरांतील कोणाचें जन्मसाल ठेवूं नये, कारण तें सारी गल्ली जाणते. बोटाच्या ठशानें उघडणारीं विजेचीं कुलुपेंही आतां मिळतात. दिवाणखान्याच्या दाराला तीं शोभतील. परंतु उघड्या पावसांत, ओलीच्या सान्निध्यांत आणि घटसंपलेल्या काळोख्या रात्रीं त्यांचा भरंवसा मी तरी धरणार नाहीं.

तिसरा प्रकार वळसा घालण्याचा, आणि हाच सर्वांत अधिक दुर्लक्षित. पुष्कळ फाटकें उंबऱ्याजवळील व वरील अशा दोन लोखंडी खुंट्यांवर नुसतीं टेकविलेलीं असतात. कुलुपाच्या बाजूला हातही न लावतां तीं बिजागरीच्या बाजूनें वर उचलून काढतां येतात. आपलें फाटक तसें असेल तर वरची खुंटी उलटी, म्हणजे टोंक खालीं करून बसवावी, किंवा फाटकाच्या डोक्यावर खांबाला एक लोखंडी अडण बसवावी. मग तें उचललें जात नाहीं. बिजागरीची दांडी बाहेरच्या बाजूस असेल तर तीही ठोकून काढतां येते; तिचीं दोन्ही टोंकें चेपून घ्यावीं. फळ्यांच्या फटींतून किंवा फाटकावरून हात घालून आंतली कडी काढतां येते काय, हेंही स्वतः बाहेर उभें राहून पाहावें. येत असेल तर कडी वरच्या कांठापासून हात पोंचणार नाहीं इतकी खालीं न्यावी आणि तिच्या भोंवतालच्या फटी पट्ट्यांनीं बुजवाव्या. आणि शेवटीं कुंपण पाहावें. तीन फुटी गडग्याला पांच फुटी फाटक बसवून त्याला उत्तम कुलूप लावणें म्हणजे खिडकी उघडी टाकून दाराला तीन कड्या घालण्यासारखेंच आहे.

ह्यानंतर आपल्या भागाची विशेष अडचण, ती म्हणजे पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लांकूड ओल पितें आणि फुगतें. तें लांबीच्या दिशेनें जवळजवळ वाढत नाहीं, रुंदीच्या दिशेनें वाढतें. उभ्या फळ्यांचें तीन फूट रुंद फाटक पावसाळ्यांत पाव ते अर्धा इंच सहज वाढूं शकतें. उन्हाळ्यांत नेमकें जुळविलेलें कुलूप श्रावणांत जुळत नाहीं, तें ह्यामुळें. म्हणून फाटक आणि खांब ह्यांमध्यें पुरेशी फट ठेवावी, आणि कडी ज्या भोंकांत जाते तें भोंक आडवें लांबट ठेवावें. फळ्यांचीं खालचीं टोंकें जमिनीपासून दोन बोटें वर असावीं आणि त्यांना रंग किंवा तेल नीट पाजावें, कारण पाणी तेथूनच सर्वांत अधिक शिरतें. सागवान ह्या कामीं उत्तम, कारण तें इतर बहुतेक लांकडांपेक्षां कमी फुगतें; पण तें परवडत नसेल तरी काळजीनें राखलेलें दुसरें लांकूडही पुष्कळ वर्षें टिकतें.

फाटक आपल्या वजनानेंही खालीं झुकतें, आणि तें झुकलें कीं कडी कोयंड्याशीं जुळत नाहीं. मग आपण फाटक उचलून कडी घालूं लागतों, आणि थोड्या दिवसांनीं घालावयाचें सोडून देतों. ह्याला आंतून तिरपी पट्टी मारावी. ती बिजागरीकडील खालच्या कोपऱ्यापासून निघून कुलुपाकडील वरच्या कोपऱ्यापर्यंत जावी. पुष्कळ ठिकाणीं ती नेमकी उलटी मारलेली दिसते. लांकडी पट्टी वजन खालून पेलून धरते. तिला उलटी लावली तर सारी ओढ खिळ्यांवर येते आणि खिळे हळूहळू सुटतात.

कुलूप कोणत्या धातूचें घ्यावें? उघड्यावर पितळी पोटाचें कुलूप चांगलें, कारण पितळेला लोखंडासारखा गंज चढत नाहीं. परंतु बाहेरून पितळ असून आंतील स्प्रिंगा व तुकडे साध्या लोखंडाचे असले तर आमच्यासारखी फजिती होते. पोलादी कुलूप घेतल्यास त्याला प्लास्टिकचें किंवा रबराचें झांकण असावें, किल्लीच्या भोंकावर सरकती चकती असावी आणि पोटाला पाणी निथळण्यासाठीं खालीं भोंक असावें. फाटकावर एक लहानसें पत्र्याचें किंवा चामड्याचें छप्पर खिळलें तरी कुलुपाचें आयुष्य वाढतें. आणि कुलुपांत खोबरेल तेल कधींही घालूं नये. सुमारें चोवीस अंशांखालीं तें थिजतें, हें थंडीच्या दिवसांत आपण रोज बाटलींत पाहतों. शिवाय त्याला धूळ चिकटून आंत चिखल होतो. पेन्सिलीचें शिसें बारीक घांसून ती पूड किल्लीला लावावी आणि किल्ली चार वेळां फिरवावी. मृगापूर्वीं एकदां आणि दसऱ्याला एकदां, असा नेम ठेवला तर तो लक्षांतही राहतो.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, इतकी कुलुपें लावून आपण शेजारधर्माला तर कुलूप लावीत नाहीं ना? हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. माझ्या लहानपणीं परसाचें फाटक दिवसभर उघडें असे. शेजारच्या बायका त्यांतून पाण्याला येत, कढीपत्त्याच्या काड्या नेत, आणि जातां जातां आमच्या आजीपाशीं घटकाभर टेंकत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील, शनिशिंगणापूर हें गांव तर घरांना दारें-कुलुपें नसल्याबद्दलच प्रसिद्ध आहे. २०११ मध्यें एका बँकेनें तेथें कुलुपाविना शाखा उघडली तेव्हां त्याची बातमी देशभर झाली. तेथील श्रद्धेचा आदर राखूनही, तो पायंडा सर्वत्र चालेल असें मला म्हणवत नाहीं. परंतु एक गोष्ट मात्र मी अनुभवानें सांगतों. त्या रात्रीं आमच्या आत्याबाईंना वांचविलें तें कुलुपानें नव्हे, तर गडग्यावरून उडी टाकून येणाऱ्या शेजाऱ्यानें. परसदाराची खरी राखण शेजाऱ्याचे कान करतात. म्हणून फाटकाची जादा किल्ली एका विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवणें हा मला कोणत्याही कुलुपाइतकाच मोलाचा उपाय वाटतो. आमची आतां सुतारमामांकडे असते, आणि त्यांची आमच्याकडे.

त्यानंतर आम्हीं फाटकाची व्यवस्था कशी केली, तेवढें सांगून पुरें करतों. कोयंडा नवा, जाड पट्टीचा, आरपार बोल्टनें बसविलेला. तिरपी पट्टी सुलट केली. बाहेरच्या बाजूला आंखूड, कडक कडीचें मध्यम आकाराचें कुलूप. तें केवळ घर रिकामें ठेवून जातांना लावावयाचें. आणि आंतल्या बाजूला मामांनीं बाभळीची एक आगळ करून दिली. ती दोन लोखंडी पकडींत सरकते आणि एका हातानें निघते. रात्रीं घरांत माणसें असतांना फक्त आगळ. किल्लीचें कांहीं काम नाहीं. ह्या साऱ्याला जो खर्च आला, त्यांत कुलुपाचा वांटा सर्वांत लहान होता. माझा हिशेब आतां असा झाला आहे: फाटकासाठीं जेवढे पैसे काढून ठेवाल, त्यांतील निम्म्याहून अधिक कोयंडा, बोल्ट आणि बिजागरी ह्यांवर खर्च करा, उरतील त्यांत चांगलें कुलूप येतें.

आमच्या आत्याबाई आतां शहाऐंशी वर्षांच्या आहेत. संध्याकाळीं काठी टेकीत त्या परसांत जातात, आगळ एकदां काढून पाहतात, पुन्हां घालतात, आणि मग तुळशीपाशीं दिवा लावतात. त्यांना विचारलें तर म्हणतात, “चोर यायचा तेव्हां येवो बाबा, मला माझ्या हातानं बाहेर जातां आलं पाहिजे.”

तेव्हां श्रोतेहो, नवें कुलूप आणावयास बाजारांत जाण्यापूर्वीं एक गोष्ट करा. आज रात्रीं दिवा न लावतां आपल्या परसदाराच्या फाटकापर्यंत जा आणि तें आंतून उघडून पाहा. किती वेळ लागला तो मनांत मोजा. मग घरांतील सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आणि सर्वांत लहान शहाण्या मुलाला तेंच करावयास सांगा. उद्यां सकाळीं बाहेरच्या बाजूनें जाऊन कोयंड्याचे स्क्रू पाहा आणि फाटक खालून उचलून पाहा. एवढें केल्यावर कोणतें कुलूप घ्यावें, हें दुकानदाराला विचारण्याची गरज फारशी उरणार नाहीं.